काल्पनिक राज्यासाठी द्वंद्वाचा कायदा कसा रचावा

अद्भुतकथेत दोन माणसे हत्यार उपसून समोरासमोर उभी राहतात, तेव्हा वाचकाच्या मनात खरी धास्ती निर्माण व्हावी असे वाटत असेल, तर लेखकाने एका प्रश्नाचे उत्तर आधी ठरवून ठेवले पाहिजे. या दोघांपैकी एकाने ‘मी लढत नाही’ असे सांगितले, तर उद्या सकाळी त्याचे नेमके काय जाते? काहीच जात नसेल, तर तो लढतो कशासाठी, हे वाचकाला उमगत नाही आणि झुंज कितीही रंगवून लिहिली तरी ती नुसती कसरत ठरते. म्हणून द्वंद्वाचा कायदा रचताना सुरुवात मैदानापासून किंवा शस्त्रांपासून करू नये. ती नकारापासून करावी, आणि बाकीची कलमे त्या नकाराच्या किमतीतून काढावीत.

आपल्याकडे नव्याने अद्भुतकथा लिहिणारे पुष्कळदा इंग्रजी मालिकांतून आणि खेळांतून हे नियम जसेच्या तसे उचलतात, त्यामुळे गोदाकाठच्या वाटणाऱ्या राज्यातही सरदार हातमोजा फेकून आव्हान देतो. मराठवाड्यात राहून लिहिणाऱ्याला याची काही गरज नाही. मानपान, वतन, शपथ, दिव्य आणि निवाडा यांची इतकी सविस्तर परंपरा आपल्या गावगाड्यात होती की तिच्यावर एक अख्खे काल्पनिक राज्य उभे राहू शकते. परदेशातले दाखले जरूर वाचावेत, मात्र नियमामागचे कारण समजून घेण्यासाठी; त्यांचा पोशाख उचलण्यासाठी नाही.

मान कशात आहे, ते आधी ठरवा

‘अपमान झाला’ एवढ्यावर कायदा उभा राहत नाही. मान हा डोळ्यांना दिसणाऱ्या, ठरावीक दिवशी, चारचौघांत घडणाऱ्या कृतीला बांधलेला असावा लागतो. पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिला बैल कोणाचा जाणार, होळीला पहिली पोळी कोणाची पडणार, विडा आणि टिळा आधी कोणाला मिळणार, असे हक्क पाटीलकीच्या वतनात एकेक करून मोजलेले असत आणि त्यांवरून भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत. त्या वादांत पैशाचा भाग पुष्कळदा थोडा असे. गावाने आपल्याला कोणत्या क्रमांकावर उभे केले, हे त्या कृतीतून सर्वांना दिसे, म्हणून माणसे हट्टाला पेटत. तुमच्या राज्यातला मानही असाच मोजता येईल इतका ठोस करा.

पुढच्या विवेचनासाठी मी एक प्रांत कल्पितो. मराठवाड्यात ठिकठिकाणी जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, आहेत, आणि सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव पाहिलेल्या कोणालाही हे स्थापत्य कथेत आणावेसे वाटेल. आपल्या काल्पनिक ‘बारवखोऱ्या’त पाऊस बेभरवशाचा आहे, बारा गावे बारा बारवांवर जगतात, आणि चैत्री पाडव्याला प्रत्येक बारवेतून पहिली घागर भरण्याचा मान एका घराकडे असतो. बारवेच्या दगडी काठावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या दोरांनी खाचा पडल्या आहेत आणि प्रत्येक घराची खाच वेगळी, ओळखीची आहे. एखाद्या घराने आव्हान नाकारले, तर त्याच संध्याकाळी त्या घराची खाच चुन्याने बुजवली जाते. पाणी त्याला मिळते, पण ते दुसऱ्याच्या खाचेतून, त्याची परवानगी घेऊन, सर्वांच्या शेवटी ओढायचे. घरातल्या सुनेला दररोज पहाटे ही परवानगी मागावी लागते. नकाराची किंमत अशी रोज पुन्हा भरावी लागणारी असेल, तर लढण्याचा निर्णय कसा होतो हे वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इथे एक गोष्ट सावधपणे हाताळावी. नकार देणाऱ्याला वाळीत टाकणे ही शिक्षा कथेत फार सहज सुचते, आणि ती आपल्या समाजात खरोखर वापरली गेली आहे. महाराष्ट्राला तिच्याविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तिचा उपयोग कथेत करायचा असेल, तर ज्यांच्यावर ती कोसळते त्यांच्या बाजूने ती दिसली पाहिजे. प्रतिष्ठेच्या नियमांचे ओझे लढणाऱ्यापेक्षा न लढणाऱ्यांवर, विशेषतः बायकांवर, जास्त पडते. हे ज्या काल्पनिक जगात दिसत नाही, ते जग मला अर्धवट वाटते.

नकाराच्या सन्माननीय वाटाही ठेवाव्यात, कारण त्या वाटांवरच लबाडी आणि करुणा या दोहोंना जागा मिळते. बारवखोऱ्यात सुतक असलेल्या घराला आव्हान देता येत नाही, आणि मृग नक्षत्र लागल्यापासून सुगी घरात येईपर्यंत कोणाचेही आव्हान चालत नाही, कारण पेरणीच्या दिवसांत हात मोडलेला माणूस सगळ्या घराला उपाशी ठेवतो. असा नियम केला की वैशाखात आव्हान लांबवून मृगाची वाट पाहणारा भित्रा आपोआप सापडतो, आणि शेजाऱ्याचे सुतक संपण्याचे दिवस मोजणारा क्रूरही सापडतो.

कोणी लढावे, कोणाच्या वतीने

द्वंद्व समान दर्जाच्या माणसांतच होते, हा नियम जगात जवळजवळ सर्वत्र आढळतो, आणि त्याचा सर्वांत धारदार दाखला आपल्या घरातच आहे. महाभारतातल्या रंगभूमीवर कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कृपाचार्य त्याच्या पराक्रमावर बोट ठेवत नाहीत. ते त्याचे कुळ विचारतात. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. लेखकाने हा प्रसंग कायद्याच्या नजरेने पुन्हा वाचावा. नियम आहे, नियमातली पळवाट आहे, आणि त्या पळवाटेची किंमत म्हणून जन्मभराचे उपकार आहेत. युरोपातही सरदार बरोबरीच्या माणसाशी लढे; खालच्या दर्जाच्या माणसाने अपमान केला, तर त्याला काठीने मारण्याची रीत होती.

म्हणून तुमचा कायदा कोणाला माणूस म्हणून मोजतो आणि कोणाला मोजत नाही, हे स्पष्ट लिहून काढा. आपल्या गावगाड्यात शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष फार महत्त्वाची मानली जाई, कारण शिवेची राखण त्याच्याकडे होती. त्याच माणसाला मानपानाच्या यादीत मात्र वरचे स्थान नव्हते. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरते, त्याला स्वतःच्या अपमानाची दाद मागता येत नाही, हा विरोध कोणत्याही कल्पित व्यवस्थेपेक्षा अधिक बोलका आहे. बारवखोऱ्यात मी हे स्थान हलगीवाल्याला दिले आहे. झुंज त्याच्या ठेक्यावर सुरू होते आणि हलगी थांबली की त्याच क्षणी हत्यार खाली आलेच पाहिजे, त्यामुळे दोन जीव त्याच्या हातात असतात; पण त्याला स्वतःला विडा ठेवता, म्हणजे आव्हान देता, येत नाही. एखाद्या वर्षी तो ठेवतो, ही कादंबरी होऊ शकते.

जो स्वतः लढू शकत नाही, त्याचे काय? मध्ययुगीन युरोपात स्त्रिया, वृद्ध आणि धर्मगुरू यांच्या वतीने दुसऱ्याने लढण्याची सोय होती. पंधराव्या शतकातल्या जर्मन शस्त्रविद्येच्या पोथ्यांत नवरा-बायकोच्या न्यायालयीन द्वंद्वाची, म्हणजे झुंजीतून खटल्याचा निकाल लावण्याच्या रीतीची, चित्रेही आहेत. बरोबरी व्हावी म्हणून नवऱ्याला कमरेइतक्या खड्ड्यात उभे केलेले आहे. मात्र मला सर्वांत अस्वस्थ करणारा दाखला २९ डिसेंबर १३८६ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या द्वंद्वाचा आहे. मार्गरीत या स्त्रीने जाक ल ग्री याच्यावर बलात्काराचा आरोप केला आणि तिचा नवरा जाँ द कारूज तिच्या बाजूने मैदानात उतरला. नवरा हरला असता, तर आरोप खोटा ठरून तिला जिवंत जाळले गेले असते. तो जिंकला. तलवार हातात नसलेल्या व्यक्तीचा जीव पणाला लावणारे असे एक कलम तुमच्या कायद्यात असले, तर झुंजीच्या वर्णनात कॅमेरा कोणाकडे वळवायचा, हे तुम्हाला आपोआप कळेल.

आव्हान आणि मैदान यांच्यामधला काळ

माझ्या मते द्वंद्वाच्या कायद्याचा सर्वांत श्रीमंत भाग हाच आहे, आणि नवे लेखक नेमका हाच गाळतात. चांगला कायदा झुंज लांबवण्यासाठी रचलेला असतो. आयर्लंडमधील क्लॉनमेल येथे १७७७ मध्ये ठरवलेल्या नियमांत रात्रीच्या वेळी आव्हान पोहोचवू नये असे सांगितले आहे, कारण रात्री डोके तापलेले असते. ज्याने पहिला अपमान केला त्यानेच पहिली क्षमा मागावी, मग उत्तरादाखल मिळालेला शब्द कितीही जहरी असो, असाही नियम तिथे आहे. दोन्ही बाजूंच्या सहायकांनी आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो. यातले प्रत्येक कलम म्हणजे एक तयार प्रसंग आहे: क्षमेचा शब्द कोणता असावा यावर दोन घरे रात्रभर अडून बसू शकतात.

बारवखोऱ्यात आव्हान तोंडाने देत नाहीत. आव्हान देणारा बारवेच्या वरून तिसऱ्या पायरीवर विडा ठेवतो आणि मागे न बघता निघून जातो. समोरच्याने तो पुढचा आठवडी बाजार उलटल्यावरच उचलायचा. बाजाराची अट मी मुद्दाम घातली आहे, कारण बाजारात बारा गावे येतात, बातमी पसरते, सोयरे मध्ये पडतात, आणि ज्याला माघार घ्यायची आहे त्याला ‘मामांनी शपथ घातली’ असे म्हणायची सोय मिळते. प्रत्येकाचा एक पाठीराखा असतो. त्याने दोन वेळा समजूत घालायची, हत्यारे तपासायची, आणि आपला माणूस पडला तर त्याच्या घरी निरोप न्यायचा. हा तिसरा अधिकार ऐकायला साधा वाटतो, पण पाठीराखा निवडताना माणूस कोणाचा विचार करील, हे त्यावरून ठरते.

ज्यांना हे सगळे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहायचे आहे, त्यांनी लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेतला किंवा आपल्या गावच्या जत्रेतला कुस्तीचा फड लक्ष देऊन पाहावा. कुस्तीला मिनिटे लागतात. जोड लावायला कितीतरी जास्त वेळ जातो. मल्ल फडाभोवती फिरतो, समोरून कोणी हात वर करतो, पंच दोघांना शेजारी उभे करून अंगापिंडाने जुळतात का ते पाहतात, कोणाचा तरी वस्ताद नकारार्थी मान हलवतो, इनामाची रक्कम पुकारली जाते, मग पुन्हा वाटाघाट. हलगी तेव्हाही वाजत असते, पण हळू. दोघांनी माती लावून सलामी दिली की ठेका बदलतो आणि बसलेली माणसे उठून उभी राहतात. हा ठेका बदलण्याचा क्षण कागदावर आणता आला, तर पुढच्या डावपेचांचे वर्णन चार ओळींत उरकले तरी चालते.

मैदानाचे नियम

मैदान लहान असावे आणि त्याला स्वतःचा अर्थ असावा. उत्तर युरोपातल्या ‘होल्मगांग’ या द्वंद्वाचे जे वर्णन मिळते, त्यात जमिनीवर पाच हात लांबी-रुंदीचे कापड अंथरत, प्रत्येकाला तीन ढाली मिळत, आणि कापडावर रक्त सांडले की झुंज थांबवता येई. जखमी झालेला माणूस चांदी देऊन सुटे. पण धटिंगण लोक या कायद्याचा आधार घेऊन दुबळ्यांना आव्हान देत आणि त्यांची जमीन बळकावत, आणि आइसलँडमध्ये अकराव्या शतकाच्या सुरुवातीला ही प्रथा बंद झाली. आपला कायदा कोणता दांडगा कसा वापरील, हे लेखकानेही तपासून पाहिले पाहिजे.

बारवखोऱ्यातली झुंज पायऱ्यांवर होते. ज्याच्याकडे मान आहे तो वरून अकराव्या पायरीवर उभा राहतो आणि आव्हान देणारा बाराव्या, म्हणजे पाण्याच्या बाजूला. वर उभ्या असलेल्याला नेहमीच फायदा असतो, त्यामुळे उगाच आव्हान देणारे कमी होतात. हलगी थांबेल तेव्हा जो वरच्या अंगाला असेल, तो जिंकला. कोणी पडला किंवा कोणाला पहिली जखम झाली की हलगी थांबते. एरवी ठेक्याची ठरलेली आवर्तने पुरी झाल्यावर. पाण्यात रक्ताचा थेंब पडला, तर दोन्ही घरांचा मान जातो आणि सगळी बारव उपसून शुद्ध होईपर्यंत गावाला पाणी मिळत नाही. या एका कलमामुळे काठावर जमलेले लोक नुसते बघे राहत नाहीत. प्रत्येकाच्या घागरीचा प्रश्न असतो, म्हणून तेच लढणाऱ्यांना आवरतात. हत्यारे मी फरी-गदक्याची, म्हणजे लहान ढाल आणि काठीची, ठेवली आहेत. कट्यार किंवा दांडपट्टा हवा असेल तर ठेवावा, मात्र अरुंद पायरीवर दांडपट्टा फिरवता येणार नाही, एवढे भान असावे.

तुमच्या जगात जादू असेल, तर तिचे कलम टाळता येणार नाही. युरोपातल्या न्यायालयीन द्वंद्वात लढणाऱ्यांना ‘माझ्या अंगावर मंत्रतंत्राची कोणतीही वस्तू नाही’ अशी शपथ घ्यावी लागे, आणि ते तर जादू नसलेल्या जगात. तेव्हा ताईत कोण तपासणार, तपासणारा विकत गेला तर त्याचा न्याय कोण करणार, आणि जन्मतःच ज्याच्या अंगात शक्ती आहे त्याने ती बाहेर कुठे ठेवावी, याची उत्तरे लिहून ठेवा.

निकाल कोणाचा, देवाचा की माणसांचा

इथे लेखकाला एक मोठा निर्णय घ्यावा लागतो. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्गंडीच्या गुंडोबाद राजाने न्यायालयीन द्वंद्वाला मान्यता दिली, त्याचे कारण लोक सर्रास खोट्या शपथा घेतात हे दिले होते. शब्द खोटा असू शकतो, देव जिंकवतो तो खोटा नसतो, अशी त्यामागची श्रद्धा. आपल्याकडे याच श्रद्धेतून दिव्ये, म्हणजे खरेखोटे देवावर सोपवणाऱ्या कसोट्या, आली. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश ही पाच दिव्ये सांगितली आहेत, आणि त्या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरांनी चालुक्यांच्या कल्याणी राजधानीत, म्हणजे आपल्या लातूर-उमरगा पट्ट्याला लागून असलेल्या बसवकल्याणात, लिहिली. मराठा काळात रवा-दिव्य होई: तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हातांवर पिशव्या बांधून मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी पंचांसमोर उघडायची. बेलभंडार उचलून शपथ घेण्याची रीतही होतीच.

देवाचा निकाल मानला, तर हरलेला माणूस खोटारडा ठरतो आणि त्याच्या घराण्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. माणसांचा निकाल मानला, तर हरलेला खराही असू शकतो, आणि ते सर्वांना ठाऊक असू शकते. दोन्ही एकाच राज्यात असावेत, असे माझे मत आहे. देवळाचा पुजारी एक म्हणेल, दरबार दुसरे म्हणेल. नियम मोडून मिळालेल्या विजयाचे काय करायचे, हेही ठरवावे. भीमाने गदायुद्धात दुर्योधनाच्या मांडीवर प्रहार केला, बलराम नांगर उगारून धावले, कृष्णाने त्यांना आवरले, आणि विजय भीमाचाच राहिला. पण तो प्रहार नियमाबाहेरचा होता हे आजही कोणी विसरलेले नाही.

सूडालाही शेवट हवा. एदो काळातल्या जपानमध्ये वडिलांच्या खुनाचा बदला घेण्यासाठी आधी परवानगी काढून नोंद करावी लागे, आणि अशा नोंदलेल्या सुडाचा पुन्हा सूड घेता येत नसे. १८७३ मध्ये ही सगळी प्रथाच बंद करण्यात आली. नोंदवहीतला एक कारकून तुमच्या कथेत दहा योद्ध्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

कायद्याला वय द्या

प्रथा चालू असते तेव्हाच तिच्यावर बंदीही येत असते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये द्वंद्वाचा निषेध केला. फ्रान्समध्ये रिशल्यू या मुख्य मंत्र्याच्या काळात १६२६ मध्ये कडक फर्मान निघाले आणि पुढच्याच वर्षी माँमोरांसी-बूतव्हिल या बड्या सरदाराचे शिर उडवले गेले, तरी द्वंद्वे थांबली नाहीत. कलकत्त्यात १७ ऑगस्ट १७८० रोजी खुद्द गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलचा सदस्य फिलिप फ्रान्सिस पिस्तुले घेऊन समोरासमोर उभे राहिले होते. उलट इंग्लंडमध्ये न्यायालयीन द्वंद्व विस्मरणात गेले, पण कायद्यात राहिले. १८१७ मध्ये खुनाच्या आरोपातल्या अब्राहम थॉर्नटनने भर न्यायालयात हातमोजा टाकून तो हक्क मागितला, पुढच्या वर्षी न्यायाधीशांना तो मान्य करावा लागला, फिर्यादी लढायला तयार झाला नाही, आणि थॉर्नटन सुटला. १८१९ मध्ये ते कलम रद्द झाले. विसरलेले कलम कोणीतरी वाचून काढणे, हे कथानक अद्भुतकथेत फारसे कोणी वापरत नाही.

एवढे ठरले की प्रसंग लिहिण्याआधी त्या झुंजीचा महजर लिहून काढावा. मराठा काळात निवाड्यानंतर असा कागद होत असे. जिंकणारा सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याच्या आनंदाची रक्कम, भरे आणि हरणारा गुन्हेगारी, म्हणजे दंड. बारवखोऱ्यातला असा एक कागद मी पुढे देतो.

“महजर बतारीख चैत्र वद्य द्वितीया. हाजीर मजालस मौजे सातपायरीचे पाटील, चौगुला, बारा बारवांचे पंच व हलगीदार. कारणे महजर केला ऐसाजे, पहिले घागरीचा मान आपला म्हणोन उभय घरांनी कटकट केली. विडा तिसरे पायरीवर ठेविला, तो बाजार उलटल्यावर उचलिला. पाठीराख्यांनी समजाविसी दोन वेळ केली, ती मान्य न जाहली. पाण्यास रक्त लागले नाही. हलगी राहिली तेव्हा वादी वरचे अंगास होता. मान वादीचे घरास दिल्हा. हरकी वादीने, गुन्हेगारी प्रतिवादीने द्यावी. खाच कोणाची बुजवू नये. पुढे कोणी कथळा करू नये. हा महजर सही.”

या कागदात कोणाला किती लागले, कोण रडले, हलगी जरा आधी थांबली का, यातले काही नाही. ते सगळे प्रसंगात लिहायचे आहे. प्रसंग लिहिताना महजर समोर ठेवावा, आणि लिहिता लिहिता एखादे पात्र कलमाबाहेर गेले, तर त्याला ओढून आत आणण्याऐवजी पंच त्या कृत्याची नोंद कागदात कोणत्या शब्दांत करतील, ते आधी लिहावे.